आठवड्यातून एकदा घ्यायचे मधुमेहाचे इंजेक्शन : एक रविवार चुकला आहे, आता काय करावे?

प्रश्न : शाहूपुरीची लेक

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे असून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. त्यांना १४ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्हिल्डाग्लिप्टिन अशा तीन गोळ्या चालू असूनही मागच्या महिन्यात एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ९.१ आले, म्हणून डॉक्टरांनी सेमाग्लुटाइडचे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू केले. वार रविवार ठरला. तीन रविवार व्यवस्थित पार पडले, पण चौथ्या रविवारी आम्ही गडहिंग्लजला बारशाला गेलो आणि पेन घरीच फ्रीजमध्ये राहिले. आज बुधवार आहे. आजच इंजेक्शन द्यावे, की थेट येत्या रविवारी द्यावे?

आणखी काही गोष्टी विचारायच्या आहेत. त्यांना मळमळ होते, त्यामुळे एरवी दोन भाकरी खाणारे बाबा सकाळी अर्ध्या भाकरीवर उठतात. गोळ्या मात्र सगळ्या नेमाने घेतात. काल अकराच्या सुमारास वहीत नोंद करताना त्यांचे अक्षर वेडेवाकडे येऊ लागले, हात थरथरले आणि शर्ट घामाने भिजला. शेजारच्या हमालाने गुळाचा खडा तोंडात घातला तेव्हा त्यांना बरे वाटले. अशक्तपणा असेल असे आम्ही समजलो. दुसरे म्हणजे, पावसाळ्यात आमच्याकडे वीज तीन-चार तास जाते. तेवढ्यात औषध खराब होते का? आणि माझा चुलतभाऊ म्हणतो की ०.२५ ने काहीच होत नाही, सरळ १ मिलिग्रॅम घ्या. त्याच्याकडे त्याचे स्वतःचे पेन आहे आणि त्यातूनच द्यायला तो तयार आहे. डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी भेटतील.

उत्तर : निवृत्त सिस्टर, कसबा बावडा

ताई, तुम्ही इंजेक्शनचा प्रश्न आधी विचारला आहे, परंतु मला वहीतल्या वेड्यावाकड्या अक्षराची जास्त काळजी वाटते. थरथर, घाम आणि गूळ खाल्ल्यावर लगेच आलेला आराम ही शुगर उतरल्याची लक्षणे आहेत. हा अशक्तपणा नव्हे. सेमाग्लुटाइड शरीरातील शुगर वाढलेली असतानाच इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे ते एकटे असताना शुगर फार खाली नेण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. इंजेक्शनने भूक कमी झाली, जेवण निम्म्यावर आले आणि ग्लिमेपिराइडचा डोस पूर्वीच्या दोन भाकऱ्यांच्या हिशेबाचाच राहिला, तर जे व्हायचे तेच काल दुकानात झाले. त्यामुळे सोमवारची वाट पाहू नका. डॉक्टर बाहेरगावी असले तरी त्यांच्या दवाखान्यात आजच फोन करून एवढीच हकीकत सांगा आणि ग्लिमेपिराइडचे काय करायचे ते विचारा. तेथे कोणीच भेटले नाही, तर आज दुसऱ्या फिजिशियनला दाखवा.

तोपर्यंत ग्लुकोमीटर दुकानात त्यांच्या गल्ल्याजवळ ठेवा. थरथर सुटली की आधी बोटातून तपासावे. ७० च्या खाली आकडा आला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. यार्डात गूळ हाताशी असतो हे खरे, परंतु साखरेचे पाणी चघळावे लागत नाही आणि लवकर लागू पडते. पेढा किंवा लाडू मात्र नको; तुपामुळे त्यातली साखर सावकाश शोषली जाते. माणूस गुंगीत असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे. शुगर सावरल्यावर थोडे जेवण मात्र हवे.

आता चुकलेल्या रविवारविषयी. सेमाग्लुटाइडचा डोस चुकल्यास ठरलेल्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत तो घेता येतो. पाच दिवस उलटले तर तो सोडून द्यायचा आणि पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीचा एकच डोस घ्यायचा. म्हणजे तुमच्या हातात शुक्रवारपर्यंत वेळ आहे, आणि म्हणूनच मी म्हणेन की शुगर उतरण्याचा प्रश्न डॉक्टरांशी बोलून सुटल्यावरच सुई टोचा. चुकले म्हणून दोन डोस एकत्र घेणे कधीही नको. हा पाच दिवसांचा नियम सेमाग्लुटाइडचा आहे, हेही लक्षात ठेवा. आठवड्यातून एकदाच घ्यायची अशी आणखीही इंजेक्शने आहेत: टिरझेपटाइडसाठी ती मुदत चार दिवसांची आहे, आणि ड्युलाग्लुटाइड घ्यायचे असेल तर पुढच्या डोसला किमान तीन दिवस शिल्लक असावे लागतात. शेजाऱ्याचा नियम आपल्या औषधाला लावला की घोळ होतो.

चुलतभावाला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. ०.२५ मिलिग्रॅमचे चार आठवडे शुगर उतरवण्यासाठी नसतातच. आतड्यांना औषधाची सवय व्हावी म्हणून ते असतात. त्यानंतर ०.५ वर जातात आणि गरज पडली तरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्यापुढे. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मे कमी व्हायलाच साधारण एक आठवडा लागतो. गोळी जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी तिचा जोर ओसरतो. या औषधाचा डोस जास्त झाला, तर उलट्या कित्येक दिवस चालू राहतात आणि ते शरीराबाहेर काढायचा काही उपाय नसतो. शिवाय दुसऱ्याचे पेन, सुई बदलली तरी, वापरू नये. टोचताना त्याचे रक्त पेनमधल्या औषधाच्या नळीत मागे शिरू शकते आणि त्यातून कावीळ किंवा एचआयव्ही यांसारखे संसर्ग पसरू शकतात.

व्हिल्डाग्लिप्टिनबद्दलही फोनवर विचाराच. ती गोळी आणि हे इंजेक्शन शेवटी एकाच संप्रेरकाच्या वाटेने काम करतात, म्हणून दोन्ही एकत्र देऊन फायदा वाढत नाही, आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर ती गोळी बहुधा बंद करतात. कधीकधी जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालू राहते.

पोटाच्या वरच्या भागात सतत आणि जोरात दुखू लागले, ते दुखणे पाठीकडे जात असेल आणि सोबत उलट्या असतील, तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. पुढचे इंजेक्शन न घेता लगेच रुग्णालयात जावे. उजव्या बरगडीखाली दुखून डोळे पिवळे झाले, तर पित्ताशयातील खड्यांचा विचार करावा लागतो. उलट्या-जुलाबांनी लघवी कमी झाली, तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि अशा वेळी मेटफॉर्मिन थांबवायचे का हेही विचारावे लागते. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल, तर ते डॉक्टरांना सांगितले आहे ना?

उत्तर : रंकाळ्यावर फिरणारा

मी गेली तीन वर्षे ड्युलाग्लुटाइड घेतो. सिस्टरांनी सांगितलेल्या गोष्टींत मला एकाच विषयाची भर घालायची आहे, आणि तो म्हणजे डोळे. सुरुवातीच्या तीन महिन्यांत माझी शुगर भराभर खाली आली, घरात सगळे आनंदात होते, आणि एका सकाळी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचताना ओळींच्या मधोमध मला काळे धागे तरंगताना दिसू लागले. तपासणीत कळले की डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे दोष आधीपासूनच होते. मी कधी तपासलेच नव्हते. लेझर करावे लागले, आता नजर ठीक आहे.

शुगर बराच काळ चढी राहून एकदम उतरली, की पडद्याचा जुना आजार काही काळ बळावू शकतो; इन्सुलिनच्या बाबतीतही हे पूर्वीपासून माहीत आहे. सेमाग्लुटाइडच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सस्टेन-६’ या चाचणीत डोळ्यांच्या पडद्याची गुंतागुंत औषध घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांत, तर न घेणाऱ्यांपैकी १.८ टक्के लोकांत आढळली, आणि त्यांतील बहुतेकांना पडद्याचा आजार आधीपासूनच होता. त्याच चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत कमी दिसले, त्यामुळे औषध टाळावे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु तुमच्या वडिलांचा मधुमेह १४ वर्षांचा आहे आणि एचबीए१सी ९ च्या वर आहे. डोस वाढवण्यापूर्वी बाहुलीत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्या. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

जेवणाबद्दल थोडेसे. या औषधाने जठर सावकाश रिकामे होते. मी पहिल्याच महिन्यात रात्री दहा वाजता नेहमीच्या सवयीने मटणाचे ताट आणि वर दोन वाट्या तर्रीदार तांबडा रस्सा घेतला, आणि पहाटे चारपर्यंत मोरीजवळ बसून होतो. आता रस्सा सोडलेला नाही. वरचा तवंग काढून अर्धी वाटी घेतो, तीही दुपारी, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबतो. भूक कमी झाली तरी प्रथिने कमी होऊ देऊ नका, कारण वजनाबरोबर स्नायूही झडतात. अंडी, मटकीची उसळ, दही, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे, आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा हलका व्यायामही असावा.

उत्तर : राजारामपुरीतील फार्मासिस्ट

फ्रीज आणि पेन यांबद्दल मी सांगतो. न उघडलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. तीन-चार तास वीज गेली आणि फ्रीजचे दार उघडले नाही, तर काळजीचे कारण नाही. त्यापेक्षा जास्त नुकसान गोठण्याने होते. पेन बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवू नका. एकदा गोठलेले औषध पुन्हा पातळ झाले आणि वरून अगदी स्वच्छ दिसले, तरी ते टाकून द्यावे लागते. सुरू केलेले सेमाग्लुटाइडचे पेन ३० अंशांच्या खाली काही आठवडे बाहेरही चालते, नेमके किती ते आपल्या पेनच्या पत्रकात पाहावे आणि सुरू केल्याची तारीख पेनवर चिकटवावी. ड्युलाग्लुटाइड बाहेर १४ दिवस टिकते आणि टिरझेपटाइडचे एका डोसचे पेन किंवा कुपी २१ दिवस. गडहिंग्लजला एका दिवसासाठी जाताना पेन साध्या थंड पिशवीत सहज नेता आले असते; फक्त बर्फाची पिशवी पेनला थेट चिकटू देऊ नये आणि एसटीत ती खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

कुपीतून औषध घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. टिरझेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले ते कुप्यांच्या रूपात, आणि कुपीत अर्धा मिलिलिटर औषध असते. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात. नारिंगी टोपणाच्या, १०० युनिटच्या सिरिंजवर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० वी रेघ. लाल टोपणाच्या, ४० युनिटच्या सिरिंजवर तोच अर्धा मिलिलिटर २० व्या रेघेवर येतो. या रेघा इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत, या औषधाच्या मिलिग्रॅमच्या नव्हेत. एक गृहस्थ २.५ मिलिग्रॅम म्हणजे अडीच रेघा असे समजून तीन आठवडे जवळजवळ काहीच औषध घेत नव्हते. उलट दिशेने चूक झाली असती तर काय झाले असते, हे सिस्टरांनी वर लिहिलेच आहे.

प्रत्येक वेळी नवी सुई लावा, पोट किंवा मांडीवरची जागा दर आठवड्याला बदला, आणि टोचताना पेनवरचा डोसचा आकडा शून्यावर आल्यानंतर सावकाश सहा मोजून मगच सुई बाहेर काढा. सुई पेनला लावून ठेवली तर औषध झिरपते आणि हवा आत जाते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा. त्या घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या, तर सफाई कामगारांच्या हाताला लागतात. खरेदी बिलावरच करा. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता, त्यामुळे ‘ओळखीतून स्वस्तात’ मिळणारे पेन घेऊ नये.

पुन्हा : शाहूपुरीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. बुधवारी संध्याकाळीच दवाखान्यातून डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे गुरुवारी सकाळी दुकानात तपासले, तर आकडा ६२ आला. ग्लिमेपिराइड आणि व्हिल्डाग्लिप्टिन दोन्ही बंद झाल्या, मेटफॉर्मिन चालू आहे, आणि काही दिवस दिवसातून तीनदा शुगर तपासून वहीत लिहायची आहे. इंजेक्शन डॉक्टरांना विचारूनच गुरुवारी रात्री दिले, आणि बाजाराची सुट्टी, समारंभ आणि गावाला जाणे हे सगळे रविवारीच येत असल्यामुळे वारही त्यांनी कायमचा गुरुवार करून दिला. पेन मागच्या भिंतीला टेकूनच होते. गोठलेले नव्हते, पण आता दाराजवळच्या डब्यात ठेवले आहे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मंगळवारी आहे.

एकच प्रश्न उरला. पुढच्या महिन्यात नवरात्र आहे. बाबा गेली कित्येक वर्षे नऊ दिवस उपवास करतात, आणि त्याच आठवड्यात डोस ०.५ वर जायचा आहे.

उत्तर : निवृत्त सिस्टर, कसबा बावडा

डोस वाढवणे नवरात्रानंतर ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, ०.२५ वर आणखी एक-दोन आठवडे राहिल्याने काही बिघडत नाही, आणि डोस वाढल्यावर होणारी मळमळ उपाशीपोटी सोसवत नाही. ग्लिमेपिराइड बंद असल्यामुळे शुगर उतरण्याची भीती आता बरीच कमी आहे, परंतु पाणी कमी पडण्याची भीती आहे, कारण या इंजेक्शनने तहानही कमी लागते असे अनेक जण सांगतात. पाण्याची बाटली गल्ल्यावर समोर ठेवा. साबुदाण्याची खिचडी शुगर चढवते. त्याऐवजी वरी थोडी आणि तिच्याबरोबर दही, ताक किंवा शेंगदाण्याची आमटी द्या. निर्जळी उपवास नको. आणि ज्या दिवशी उलटी होईल, त्या दिवशी उपवास तेथेच सोडावा, हे बाबांकडून आधीच कबूल करून घ्या.