गोदावरीच्या वाटपात कासवाचा वाटा कोणी मागायचा?

धागाकर्ता (गंगापूर रोड, नाशिक)

गोदावरी जलतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९८० साली अंतिम निवाडा दिला तेव्हा महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश आणि ओडिशा यांचे हिशेब टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत, मांडले गेले. पण नदीत जे जगते त्याच्यासाठी स्वतंत्र वाटा काढला गेला नाही. त्या काळाचा विचार करता याचे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की आजही दोन राज्ये पाण्यावर बोलायला बसली की टेबलावर फक्त टीएमसीच असतात.

दक्षिणेतील नद्यांमध्ये आढळणारे लीथचे मऊ पाठीचे कासव आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे आणि भारताच्या प्रस्तावावरून २०२२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचे निर्बंध सर्वांत कडक श्रेणीत नेण्यात आले. पण ते ज्या पाण्यात राहते ते पाणी राज्यसूचीत, आंतरराज्य नद्यांचे नियमन संघसूचीत आणि कासव स्वतः, वन्यजीव म्हणून, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत. ही तिन्ही दप्तरे एकत्र आणू शकली असती अशी नदी मंडळे स्थापन करण्याचा कायदा १९५६ पासून आहे, आणि त्याखाली आजवर एकही मंडळ झालेले नाही. पुढच्या प्रत्येक आंतरराज्य करारात किमान प्रवाह आणि संकटग्रस्त जीवांची संयुक्त जबाबदारी ही कलमे असावीत, असे माझे मत आहे.

निफाडचा द्राक्ष बागायतदार

असहमत. १९७५ च्या करारानुसार पैठणपर्यंतचे गोदावरीचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरायचे आहे, तेव्हा नाशिकपुरता हा प्रश्न आंतरराज्य आहेच कुठे? आमचे भांडण खालच्या, मराठवाड्यातील जायकवाडी धरणाशी आहे. ऑक्टोबरच्या मध्याला तिथला साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असला की गंगापूर आणि दारणा धरण समूहातून पाणी सोडावे लागते, आणि तेव्हा आमच्या आवर्तनाचे, म्हणजे कालव्याच्या पाळीच्या पाण्याचे, काय होते ते बाग लावलेल्यालाच कळते. एका राज्यातले दोन विभाग जिथे दरवर्षी न्यायालयाची पायरी चढण्याच्या बेतात असतात, तिथे आणखी एक वाटेकरी आणू नका.

शिवाय २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेले राज्यातले पहिले पाणथळ, नांदूर मधमेश्वर, तयार झाले ते बंधाऱ्यामुळे. गाळ साठला, उथळ पाणी पसरले आणि पक्षी आले. धरण म्हणजे वन्यजीवांचा वैरी, हे समीकरण आमच्या तालुक्यात तरी खरे ठरलेले नाही.

धागाकर्ता

नांदूरचा मुद्दा मान्य. पण पक्षी उडून येतो. माशाला आणि कासवाला बंधारा ओलांडता येत नाही, त्यामुळे नदीचे तुकडे झाले की त्यांची वस्तीही तुकड्यातुकड्यांत अडकते.

निवृत्त अभियंता, नाशिकरोड

चाळीस वर्षे पाटबंधाऱ्यात काढली म्हणून सांगतो, संयुक्त जबाबदारी म्हणजे पुष्कळदा कोणाचीच जबाबदारी नाही. राष्ट्रीय चंबळ अभयारण्य राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत पसरले आहे. सुसरींसाठी ते संरक्षित आहे आणि तरी तिथला वाळूउपसा थांबलेला नाही. एका काठावर कारवाई झाली की ट्रॅक्टर दुसऱ्या काठावर जातो.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? ‘देवळाली मिनो’ नावाचा एक लहानसा मासा आपल्या दारणेतून नोंदला गेला. तोही अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याला वाचवायला तेलंगणाची परवानगी लागत नाही. तिथे सांडपाणी थांबवता येत नसेल, रामकुंडाच्या पात्रात काँक्रीट ओतताना कोणाला काही वाटत नसेल, तर शेजारी राज्याला आपण कोणत्या तोंडाने अटी घालणार?

सुरगाण्याचा वाचक

नाशिकमध्ये आंतरराज्य प्रश्न नाही, हे फक्त घाटमाथ्याच्या पूर्वेला खरे आहे. पार, नार आणि दमणगंगा आमच्याकडे उगवतात आणि गुजरातेत जातात. पार-तापी-नर्मदा आणि दमणगंगा-पिंजाळ या नदीजोड प्रकल्पांसाठी २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांचा सामंजस्य करार झाला. तेव्हापासून चर्चा एकच, कोणाला किती पाणी. इथले लोक मात्र विचारत राहिले की गाव बुडाले तर जंगल, मासळी आणि आम्ही कुठे जायचे. मला कासवाचे कलम चालेल, पण त्यात नदीकाठचा माणूसही मोजा.

धागाकर्ता

सुरगाण्याच्या वाचकांशी पूर्ण सहमत. माझ्या मांडणीत माणूस राहून गेला होता. अभियंता साहेबांचे दारणेबद्दलचे म्हणणेही रास्त आहे, आणि आधी घरचे करावे याला माझी हरकत नाही. मात्र चंबळच्या उदाहरणावरून सहकार्यच निरर्थक ठरवणे मला पटत नाही.

महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात ज्यावरून वाद झाला तो नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधारा पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. देखरेखीला तीन सदस्यांची समिती आहे, केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन राज्यांचा प्रत्येकी एक. भांडणाऱ्या राज्यांना तारखा पाळायला लावता येतात, हे तिथे दिसले आहे. मऊ पाठीची कासवे काठच्या वाळूत अंडी घालतात, आणि अवेळी पाणी वाढले की ती बुडतात. त्या समितीत एक जीवशास्त्रज्ञ बसवून तारखा ठरवताना त्याचे म्हणणे नोंदवून घ्यावे, एवढ्यापासून सुरुवात करायला माझी तयारी आहे.

निफाडचा द्राक्ष बागायतदार

तज्ज्ञ बसवा. पण त्याच्या सल्ल्याने पाणी सोडायचे ठरले तर ते कोणाच्या आवर्तनातून वजा होणार, हे त्याच कागदावर लिहा. ते लिहिले नाही तर आमचा विरोध कायम राहील.