दूध डेअरीला, डाळ उधारीवर: आपल्या गावांत अन्नाची तूट आहे की नाही?

वहीवाली, भुदरगड

परवा बचत गटाचे हप्ते गोळा करताना एकीनं किराणा दुकानाची उधारीची वही माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "वैनी, ह्यातलं काय कमी करू ते तुम्हीच सांगा." घरात नवरा-बायको, दोन पोरं आणि सासू. पंधरा गुंठे ऊस, एक म्हैस, बाकी सगळा रोजगार. तिला विचारून मी महिन्याची यादी उतरून घेतली. साबण-सोडा धरून ३,२०० रुपये. त्यात तेलाचे पाच पाऊच, साखर चार किलो, शेंगदाणे एक किलो, पाच रुपयांचे बिस्किटपुडे बावीस. अंडी एकदाच, सहा. तूरडाळ दीड किलो.

त्या डाळीवरच माझी नजर अडकली. दीड किलो, पाच माणसं, तीस दिवस. माणशी दिवसाला १० ग्रॅम. घरी येऊन काट्यावर मोजली, तळहाताचा खळगासुद्धा भरत नाही. एवढ्या डाळीची आमटी दोन वेळा पुरवायची म्हणजे तांब्यानं पाणीच ओतायचं.

भात-चपातीनं पोट भरतं, हे मी नाकारत नाही. पण डाळ, अंडं, भाजी विकत आणायची वेळ आली की हात आखडतो, आणि म्हशीचं दूध तर डेअरीला जातं. ह्याला मी अन्नाची तूटच म्हणते. तुम्हाला काय वाटतं?

ऊसकरी, शिरोळ

ताई, वही खरी असेल, पण जे वहीत येत नाही तेही मांडा. तंबाखूचा मावा, रिचार्ज, वाढदिवसाचा फ्लेक्स, वास्तुशांतीला पाचशे पान. आमच्या आजीच्या वेळी महिनाअखेरीला शेजारनं जोंधळ्याचं पीठ उसनं आणायला लागायचं. आज कोण आणतं? जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट आहे. सरकारी पाहणीत २०११-१२ ला खेड्यातल्या खर्चाचा ५३ टक्के भाग अन्नावर जात होता, २०२३-२४ ला तो ४७ वर आला. माणूस सुधारतो तसा हा वाटा उतरतो. बावीस बिस्किटपुड्यांच्या पैशात आणखी दीड डझन अंडी आली असती. ही तूट पैशाची नाही, सवयीची आहे.

रेशनची रांग, गडहिंग्लज

फुकट धान्य कुणाला, तेवढं सांगा दादा. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला घराला ३५ किलो, आणि ते गहू-तांदूळ. डाळ नाही, तेल नाही. खेड्यात वर्षाला ४४,००० च्या आत उत्पन्न असेल तर प्राधान्यात बसता. म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये. नवरा-बायको दोघं रोजगाराला गेली तर खरं उत्पन्न त्याच्यावर जाणारच. आमच्या घरात सून आली, नातू झाला, तरी कार्डावर जुनीच चार नावं. तालुक्याला गेलं की एकच उत्तर, "इष्टांक संपलाय." इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं त्याचा ठरवून दिलेला आकडा, आणि तो अजून २०११ च्या जनगणनेवर चाललाय. त्यानंतर जन्मलेली पोरं आता हायस्कूलला गेली.

सासऱ्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही ते वेगळंच. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताला रेषा कुठनं राहणार?

ऊसकरी, शिरोळ

इष्टांकाचं मान्य. तिथं मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण ज्यांना मिळतंय त्यातले काही जण तोच तांदूळ विकतात, हे पण खरं ना?

रेशनची रांग, गडहिंग्लज

विकतात. विकून काय आणतात ते पण बघा. मी तेल आणताना बघितलंय. सप्टेंबर २०२४ ला खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं तेव्हा पाऊचचा भाव बघता बघता चढला. ३,२०० च्या किराण्यात असला धक्का कुठं बसवायचा?

आशाताई, शाहूवाडी

भूक मोजायला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे आठ प्रश्न आहेत. गेल्या बारा महिन्यांत पैसा नसल्यामुळं अन्न पुरेल का याची काळजी वाटली का, ठरावीक दोन-तीनच पदार्थांवर भागवावं लागलं का, एखादं जेवण टाळलं का, इथपासून ते दिवसभर काहीच खाल्लं नाही का, इथपर्यंत. म्हणजे उपाशी झोपणं ही शेवटची पायरी. तूट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

आणि हे प्रश्न घरातल्या पुरुषाला विचारून भागत नाही. तो "न्हाई" म्हणतो आणि त्याच्यापुरतं ते खरंच असतं. आमच्या वाडीवस्तीवर बाई शेवटी जेवायला बसते. कोरड्यास संपलेलं असतं. पातेल्याच्या कडेला लागलेला रस्सा भाकरीनं पुसून घेते, वर चटणी आणि पाणी. हे मी घरोघर बघते. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या मी वाटते, पण गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं म्हणून बाया बंद करतात.

ऊसकरी, शिरोळ

ताई, हे वाचून मी घरात विचारलं. आई म्हणाली, "व्हय, मी कायम शेवटीच जेवले." मला पन्नाशीला आलो तरी हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, याचं वाईट वाटतंय.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. परसात शेवग्याचं झाड, कारभाऱ्यानं लावलेले मेथीचे दोन वाफे, उसाच्या सरीत पहिले तीन महिने भुईमूग किंवा हरभरा, हे आपल्या हातात आहे. पूर्वी बांधाला तूर असायची. आता बांधच राहिला नाही, सगळा ऊस. आणि म्हैस दारात असताना पोरांना दूध का नाही?

वजनकाट्यावर, राधानगरी

मी दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेतो, म्हणून सांगतो. एका म्हशीच्या घराचं दहा दिवसांचं बिल २,७०० निघतं. त्यातनं पशुखाद्याचं पोतं कापलं, म्हशीच्या कर्जाचा हप्ता कापला, हातात सहाशे पडतात. वर्षभर ठरल्या वारी हातात येणारा पैसा हाच. उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासकट. ते व्याज तुमच्या खात्यावर कधी पडलंय? किराणावाला दुधाच्या बिलावरच उधारी देतो. बाई आधी कॅन भरते, मग कपात ओतते. ह्या तुटीला सवयीची म्हणू नका.

वहीवाली, भुदरगड

बिस्किटांचं राहिलं. गटातली ती बाई सकाळी सातला भांगलणीला जाते. चुलीवर पोरांसाठी काही करून ठेवायला वेळ नसतो, म्हणून चहा-बिस्किट. सकाळी अंडी उकडून द्यायची कुणी? सासूला दिसत नाही. दादा, तुमचा भुईमुगाचा मुद्दा मात्र मी उचलला. पंधरा गुंठ्यांत पुढच्या लागणीला सरीत शेंगा टोकायच्या, बियाणं गट देणार, एवढं ठरलं.

दुधाचा हिशेब आम्ही दोघींनी मांडला. रोज अर्धा लिटर घरात ठेवलं तर दहा दिवसांत पावणेतीनशे रुपये कमी येतात. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, पाव लिटर ठेवते, धाकट्यापुरतं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. बुधवारी बिल आहे, तेव्हा त्याला कळेलच.