एका मेल सर्व्हरवर तीन डोमेन : डीएनएस नोंदी कशा ठेवाव्यात?

प्रश्न (उद्यमनगर, कोल्हापूर)

नमस्कार. उद्यमनगरात आमचे संगणक सेवेचे छोटे कार्यालय आहे आणि भाड्याने घेतलेल्या एकाच सर्व्हरवर आम्ही तीन ग्राहकांचे मेल चालवतो : शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फौंड्री, शाहूपुरीतील एक गूळ व्यापारी आणि कोल्हापुरी चपला परगावी पाठवणारे एक दुकान. सर्व्हरचा आयपी पत्ता एकच आहे. फौंड्रीचे मेल पूर्वीपासून नीट पोहोचतात. उरलेली दोन डोमेन गेल्या महिन्यात जोडली आणि तेव्हापासून गूळ व्यापाऱ्यांची दरपत्रके समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. सौद्याचा दर त्याच दिवशी पोहोचला नाही तर त्याचा काही उपयोग राहत नाही, म्हणून काळजी वाटते.

डीएनएसमध्ये (डोमेननावांच्या नोंदवहीत) प्रत्येक डोमेनखाली ‘मेल’ असे उपनाव केले आहे, त्याला सीनेमने (एका नावाला दुसऱ्याचे टोपणनाव ठरवणाऱ्या नोंदीने) फौंड्रीच्या नावाशी जोडले आहे आणि एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचे ते सांगणारी नोंद) त्या उपनावाकडे वळवला आहे. पीटीआर (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तिन्ही नावांचा करायचा होता, परंतु डोमेन जिथून विकत घेतले तिथल्या पॅनेलमध्ये तशी सोय दिसत नाही. चूक कुठे आहे, हे कृपया सांगावे.

उत्तर १

पीटीआर तिथे दिसणारच नाही, कारण ती नोंद डोमेनची नसून आयपी पत्त्याची असते. उलट दिशेचा, म्हणजे आयपीवरून नाव शोधण्याच्या नोंदींचा, तो झोन (नोंदींचा गट) ज्याच्या मालकीचे आयपी त्याच्याकडे असतो, त्यामुळे सर्व्हर ज्यांच्याकडून भाड्याने घेतला आहे त्यांच्या पॅनेलमध्ये पाहावे किंवा त्यांना लेखी कळवावे. तीन नावे मात्र लावू नयेत. सर्व्हरला स्वतःचे एकच नाव द्यावे, त्या नावाची ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी) या आयपीकडे, आयपीचा पीटीआर त्याच नावाकडे, आणि मेल पाठवताना सर्व्हर हेलोमध्ये (समोरच्या सर्व्हरला सुरुवातीला स्वतःची ओळख देताना) जे नाव सांगतो तेही तेच असावे. मेल स्वीकारणारा या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहतो. पाठवणाऱ्याचे डोमेन गुळाचे आहे की चपलांचे, याच्याशी या तपासणीचा संबंध नसतो.

एमएक्सविषयीही तेच. आरएफसी २१८१ (१९९७) या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाप्रमाणे एमएक्समध्ये लिहिलेले नाव सीनेम असता कामा नये. तिन्ही डोमेनचे एमएक्स थेट सर्व्हरच्या त्या एका नावाकडे वळवावेत, म्हणजे टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याचे) प्रमाणपत्रही एकाच नावाचे पुरते. बदल करण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ साठवून ठेवावी तो काळ) ३०० सेकंदांवर आणून ठेवल्यास जुनी नोंद फार काळ रेंगाळत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु फक्त गुळाच्या डोमेनलाच त्रास होतो आहे, याचे कारण मला एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकिममध्ये (मेलवरील डोमेनची डिजिटल सही) असावे असे वाटते. त्या डोमेनच्या सर्व टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी काढून पाहाव्यात आणि पोहोचलेल्या एखाद्या मेलचे हेडर (मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती) वाचून डीकिमची सही कोणत्या डोमेनच्या नावाने झाली आहे ते कळवावे.

प्रश्नकर्ता

पीटीआर आणि एमएक्स दुरुस्त केले, आभारी आहे. गुळाच्या डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी सापडल्या : एक आमची आणि एक जुन्या वेबसाइटच्या वेळची. डीकिम उत्तीर्ण दिसते, मात्र सही फौंड्रीच्या डोमेनची आहे, कारण किल्ली आम्ही एकच ठेवली होती. डीमार्क (एसपीएफ आणि डीकिमचे निकाल प्रेषकाच्या डोमेनशी ताडून पाहणारी तपासणी) नापास आहे.

उत्तर २

मग दुखणे सापडले. एका डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी असल्या की तपासणारा त्यांतली एक निवडत नाही, संपूर्ण तपासणीच त्रुटी म्हणून सोडून देतो. दोन्हींतील मजकूर एकाच नोंदीत आणावा, आणि जुनी वेबसाइट आता मेल पाठवत नसेल तर तिचा भाग काढूनच टाकावा, कारण एसपीएफ तपासताना डीएनएसकडे १० पेक्षा जास्त वेळा विचारावे लागले तरीही त्रुटीच येते.

डीकिमची सही गणिताने बरोबर असूनही इथे उपयोगी पडली नाही, कारण ‘प्रेषक’ या ओळीत जे डोमेन दिसते त्याच्याशी एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एकाचे तरी डोमेन जुळावे, असे डीमार्क मागतो. तुमच्याकडे एसपीएफ त्रुटीत गेले आणि सही दुसऱ्याच्या नावाची होती. म्हणून प्रत्येक डोमेनसाठी वेगळी किल्ली तयार करून, सर्व्हरला प्रेषकाच्या डोमेनप्रमाणे सही करायला सांगावे. २०४८ बिटांची किल्ली एका ओळीत मावत नाही. टीएक्सटीमधील एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची असल्याने ती अवतरणचिन्हांत तुकडे करून लिहावी लागते. पुष्कळ जणांची किल्ली इथेच अर्धवट चिकटवली जाते, तेव्हा अक्षर न् अक्षर पडताळून पाहावे.

प्रश्नकर्ता

दोन्ही केले आणि आज सकाळची दरपत्रके थेट इनबॉक्समध्ये पोहोचली. डीमार्कचे धोरण तूर्त ‘नन’ (नापास मेलवर काही कारवाई नको) ठेवले आहे. तिन्ही डोमेनचे डीमार्क अहवाल (मेल स्वीकारणाऱ्यांनी तपासणीच्या निकालांचे पाठवलेले) आमच्या कार्यालयाच्या एकाच पत्त्यावर मागवले, पण एकही आला नाही.

उत्तर १

अहवाल दुसऱ्या डोमेनवर मागवायचे असतील तर त्या दुसऱ्या डोमेनने संमती द्यावी लागते. तुमच्या कार्यालयाच्या डोमेनमध्ये, आधी ग्राहकाचे डोमेन, मग अंडरस्कोर-रिपोर्ट, मग अंडरस्कोर-डीमार्क, अशा नावाची टीएक्सटी नोंद प्रत्येक ग्राहकासाठी करावी आणि तिच्यात केवळ डीमार्कची आवृत्ती लिहावी. अहवाल साधारणपणे दिवसातून एकदाच निघतात, त्यामुळे परवापर्यंत वाट पाहावी. काही आठवड्यांच्या अहवालांत अनोळखी पाठवणारा दिसला नाही, तर धोरण ‘क्वारंटाइन’वर (नापास मेल संशयित मानावे) न्यावे, पण ते एकेका डोमेनचे करावे, आणि गूळ व्यापाऱ्यांच्या डोमेनचे हंगाम संपल्यावर.