बुद्धी शाबूत असूनही निर्णय का बिघडतात?

जिज्ञासू:
कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला मेंदूचा ‘व्यवस्थापक’ म्हणण्याची पद्धत आहे. तो भावनांना आवर घालतो आणि विवेकाने निर्णय घेतो, असे सांगितले जाते. मग या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची स्मरणशक्ती, भाषा आणि चाचण्यांतील बुद्धिमत्ता पूर्ववत राहूनही त्यांचे रोजचे निर्णय का बिघडतात? भावनांचा लगाम सुटला, एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे का?

मज्जाविद्यार्थी:
माझ्या मते पुरेसे नाही. कित्येकदा परिस्थिती नेमकी उलट असते. एस्लिंगर आणि दमासिओ यांनी 1985 मध्ये वर्णन केलेल्या रुग्णाच्या मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने काढताना या प्रदेशाच्या खालच्या व मधल्या भागाची हानी झाली होती. त्याची बुद्धिमत्ता सरासरीहून वरची होती, परंतु जेवायला कुठे जावे यासारख्या क्षुल्लक निवडीतही तो तासन्‌तास अडकून पडे. त्याला पर्याय दिसत होते, त्यांचे परिणामही सांगता येत होते. त्यांतला कोणता आपल्याला हवा आहे, हे मात्र ठरत नव्हते.

पुढे दमासिओ यांच्या गटाने पत्त्यांचा एक प्रयोग रचला. चार गठ्ठ्यांपैकी दोन गठ्ठे मोठे लाभ देतात पण अखेरीस तोट्यात नेतात, तर उरलेले दोन थोडे थोडे देऊन फायद्यात ठेवतात. निरोगी व्यक्ती हळूहळू चांगल्या गठ्ठ्यांकडे वळतात आणि धोक्याच्या गठ्ठ्यातील पत्ता उचलण्याआधीच त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे भावनिक उत्तेजनाची शारीरिक खूण, वाढते. अशी इजा झालेल्या रुग्णांत ही आगाऊ चाहूल दिसली नाही आणि ते तोट्याच्या गठ्ठ्यांकडेच वळत राहिले. म्हणजे भावना येथे निर्णयाची शत्रू नसून त्याला दिशा देणारी ठरते.

संशयवादी:
या प्रयोगावरून ‘शरीराला आधी कळते, मनाला नंतर’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. माया आणि मॅक्लेलँड यांनी 2004 मध्ये हाच पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांना अधिक बारकाईने प्रश्न विचारले, तेव्हा कोणते गठ्ठे चांगले याची जाणीव त्यांना आधी मानले जात होते त्याहून बरीच लवकर झाल्याचे आढळले.

शिवाय ‘प्रीफ्रंटल’ हा एकच अवयव असल्यासारखे बोलणे मला खटकते. डोळ्यांच्या खोबणीवरच्या भागात पर्यायांचे मोल ठरते: पाडोआ-स्किओप्पा आणि असद यांनी 2006 मध्ये माकडांना वेगवेगळ्या प्रमाणात दोन रस देऊ केले, तेव्हा तेथील काही पेशींची सक्रियता रसाचा प्रकार कोणताही असला तरी निवडलेल्या पर्यायाच्या मोलानुसार कमी-जास्त होत होती. वरच्या बाहेरील भागाचे काम निराळे. समोरून नाहीशी झालेली माहिती काही क्षण मनात धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

जिज्ञासू:
मग मेंदूच्या इजेचा प्रसिद्ध रुग्ण फिनिअस गेज याचे उदाहरण कोणत्या बाजूचे मानावे?

मज्जाविद्यार्थी:
सावधपणे वापरावे. 1848 मध्ये लोखंडी पहार कवटीतून आरपार गेल्यानंतर गेज लहरी आणि बेजबाबदार झाला, असे त्याचे डॉक्टर हार्लो यांनी नोंदवले आहे. परंतु पुढे तो चिलीमध्ये अनेक वर्षे घोडागाडी हाकत होता, आणि ते काम नियोजनाशिवाय जमणारे नव्हते.