ऑक्झिलरी बॉयलरला एकच गेज ग्लास चालतो का?

कॅडेट_सातपूर: सुट्टीवर नाशिकला आलोय, पुढच्या महिन्यात मुंबईला क्लास फोरची (जहाजावरच्या इंजिनिअरच्या परवान्याची) ओरल आहे. आमच्या जहाजाच्या ऑक्झिलरी (इतर कामांना वाफ देणाऱ्या) बॉयलरला एक गेज ग्लास, म्हणजे आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच, आणि कंट्रोल रूममध्ये रिमोट इंडिकेटर. दादा सातपूर एमआयडीसीत बॉयलर अटेंडंट आहे, तो म्हणतो दोन ग्लास हवेतच. परीक्षकाला काय सांगू?

अंबडकर: कारखान्यात आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) चालतं. इन्स्पेक्टर आला की आधी ग्लासच बघतो. जहाजाचं मला माहीत नाही.

निवृत्त_चीफ_इंदिरानगर: दादा त्याच्या जागी बरोबर आहे, पण आयबीआर जहाजाला लावू नकोस. 1923 च्या बॉयलर कायद्यातूनच जहाजांचे बॉयलर वगळलेले होते. तू सोलास (समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) सांग: प्रकरण 2-1, नियम 32. पाण्याची पातळी दाखवणारी किमान दोन साधनं, त्यातलं निदान एक थेट दिसणारा गेज ग्लास. म्हणजे तुमची मांडणी सोलासात बसते. क्लासचे, म्हणजे जहाज तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे, नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा तुमच्या जहाजाच्या क्लासचं पुस्तक बघूनच जा. माणूस उभा न करता चालणाऱ्या तेलाच्या बॉयलरला पाणी खाली गेलं की इंधन बंद आणि अलार्म, हेही त्याच नियमात आहे.

पण बाळा, खरी परीक्षा पुढे आहे. ग्लास खरं दाखवतोय हे कशावरून? स्टीम आणि पाण्याचे कॉक बंद, ड्रेन उघडा. मग फक्त स्टीम सोडून बघ, बंद कर, फक्त पाणी सोडून बघ, बंद कर. दोन्हीकडून जोरात आलं तर वाटा मोकळ्या. आता ड्रेन बंद करून आधी पाण्याचा कॉक हळूच उघड. पाणी वरपर्यंत चढलं पाहिजे. मग स्टीम उघडलीस की ते खाली येऊन पातळीवर थांबतं. पाणी चढलंच नाही तर पातळी ग्लासच्याही खाली गेलीय; आग बंद, आणि बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाला हात लावायचा नाही. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी म्हणजे जिवाशी खेळ. इथे घाई करणाऱ्याला मी वॉच (इंजिन रूमची पाळी) दिली नसती.

कॅडेट_सातपूर: काका, कॉकच्या मुठी सगळ्या खाली लोंबत्या असतात, मग चालू कुठला नि बंद कुठला?

निवृत्त_चीफ_इंदिरानगर: चालू स्थितीत तिन्ही मुठी खालीच. स्टीम आणि पाणी उघडे, ड्रेन बंद. जहाज हादरतं, मूठ वर ठेवली तर स्वतःच्या वजनाने फिरेल. एरवीच्या कॉकच्या अगदी उलट, म्हणून परीक्षक हमखास विचारतो. स्केच काढलंस तर मुठींची दिशाही दाखव.