मदत हवी आहे: चिकन मीटलोफला पाणी सुटतं, चीज तळाला जाऊन बसतं आणि काप पडत नाहीत

पुदिना
लोकहो, जरा मदत करा. चिकनचा मीटलोफ (खिम्याचा ब्रेडच्या लादीसारखा भाजलेला लोफ) करायचाय, लसूण आणि चीज घालून, पण तो काही केल्या सुरीने कापता येईल असा होत नाहीये. भाचा अमेरिकेतून शिकून आलाय, तिकडे त्याला याची चटक लागली, आणि येत्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला आहेत तर मामी तोच कर म्हणून मागे लागलाय. बीफ-पोर्क आमच्याकडे चालत नाही म्हणून चिकन.

मी काय करते ते सांगते. चिकन खिमा पाऊण किलो, दुकानातून ब्रेस्टचाच करून आणलेला, त्यात एक मोठा कांदा बारीक चिरून, पंधराएक लसूणपाकळ्या ठेचून, थोडी आलं पेस्ट, एक अंडं, अर्धी वाटी ब्रेडक्रम्स, मिरपूड, कोथिंबीर, मीठ आणि १०० ग्रॅम मोझरेला किसून. सगळं छान मळून घ्यायचं, लोफ टिनमध्ये दाबून भरायचं, वरून केचप, आणि ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) १८० वर ५० मिनिटं.

बाहेर काढलं की टिनमध्ये चक्क रस्सा असतो!! वर पांढरा फेस. चीज आत दिसतच नाही, सगळं ओघळून तळाला चिकटलेलं. काप करायला गेलं की भुगा, आणि तोंडात घातलं तर एकीकडे कोरडं लागतं आणि दुसरीकडे मध्येच गिचका. लसणाचा कच्चा उग्र वास राहतो तो वेगळाच, नवरा म्हणाला औषध घातलंयस का यात. अजून एक अंडं घालू का? का ब्रेडक्रम्स वाढवू? ओटीजीचा काही प्रॉब्लेम असेल का? रविवारच्या आत कोणीतरी सांगा प्लीज. (मी ठाण्यात, म्हणजे इथे मिळेल असंच सांगा, उगाच थाइम न् रोझमेरी नको.)

नाना_खवय्ये
टिनमध्ये रस्सा असेल तर भाकऱ्या टाका आणि खिमा-रस्सा म्हणून वाढा. प्रश्न मिटला.

भातुकली
नाना 😄

पुदिना, आधी एक सांग, खिमा आणल्यावर धुतेस का?

पुदिना
हो मग! चाळणीत घालून दोन पाण्याने. आमच्याकडे न धुता मटण-चिकन पातेल्यात जातच नाही.

भातुकली
तिथेच घोळ आहे बघ. चिकनचे तुकडे धुतले तर पाणी निथळून जातं, पण खिम्याचं तसं नसतं, इतके बारीक कण की तो पाणी धरून ठेवतो आणि चाळणीत कितीही वेळ ठेवलास तरी सोडत नाही. रस्सेदार खिम्यात ते खपून जातं कारण आपण तो आटवतो. बंद टिनमध्ये आटणार कुठे? वर तुझा कच्चा कांदा, त्याचंही पाणी. मोझरेला, तो तर जवळपास अर्धा पाणीच असतो. म्हणजे तीन ठिकाणांहून पाणी आलं आणि ते शोषायला अर्धी वाटी कोरडे क्रम्स. अंडं वाढवून काही होणार नाही, ओटीजी बिचारा निर्दोष आहे.

पुदिना
अगं पण न धुता कसं करायचं, सासूबाई किचनमध्येच असतात 🙈

मालवणी_मसाला
न धुता नकोच, मलापण नाही पटत. सोपा उपाय म्हणजे खिमा तयार आणायचाच नाही. बोनलेस तुकडे आणायचे, धुवायचे, निथळवून स्वच्छ फडक्याने नीट टिपून कोरडे करायचे आणि मग घरी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थोडे थोडे घालून पल्सवर फिरवायचे. तुकडे आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये कडक करून घेतले तर कापले जातात, नाहीतर पेस्ट होते. दुकानदारालाच 'धुवून पुसून मग मशीनला लाव' सांगता येतं पण रविवारच्या गर्दीत तो ऐकेल याची गॅरंटी नाही.

आणि नुसता ब्रेस्ट घेऊ नका हो ताई, त्यात चरबी नावालाच. निम्मा लेगचा बोनलेस घ्या. कोरडेपणा निम्मा तिथेच जाईल.

ओहायोकर
इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, माहितीवर थोडं लिहितो. इकडे मीटलोफ हा आठवड्यातल्या साध्या जेवणाचा पदार्थ, सोबत मॅश्ड बटाटा, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं सँडविच. मुळात तो बीफचा, त्यात चरबी भरपूर असते त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. चिकनला ती सवलत नाही. माझी बायको टर्कीचा आणि चिकनचा करते आणि तिच्या दोन गोष्टी मी सांगू शकतो.

पहिली म्हणजे ब्रेडक्रम्स कोरडे घालायचेच नाहीत. साध्या ब्रेडच्या तीन स्लाइस (तुमच्या पाऊण किलोला) कुस्करून पाव वाटी दुधात भिजवायच्या, दहा मिनिटांनी हाताने लगदा करायचा आणि तो खिम्यात मिसळायचा. चिकन तापलं की आक्रसतं आणि आतलं पाणी बाहेर ढकलतं, हा लगदा मधे मधे असला की ते घट्ट आवळत नाही आणि सुटलेलं थोडं पाणी तोच धरतो. तुमचं कोरडं आणि भुगा दोन्ही यानेच सुटेल असं वाटतं.

दुसरी म्हणजे घड्याळ बघून काढायचा नाही. चिकन आतमध्ये ७४ सेल्सियसला (इकडे १६५ फॅरनहाइट म्हणतात) पोचलं पाहिजे, बीफला ७१ चालतं पण चिकनला ७४ च. टोकदार सुई असलेला डिजिटल थर्मामीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो मधोमध खुपसायचा. ७४ दिसलं की बाहेर. तुम्ही ५० मिनिटं म्हणताय, कडा जास्त होऊन मधला भाग कच्चट राहात असेल, म्हणून कोरडं आणि गिचका एकाच वेळी. आणि बाहेर काढल्यावर १५ मिनिटं सुरी लावायची नाही, लगेच कापलं तर रस ताटात जातो.

तो पांढरा फेस म्हणजे चिकनमधलं प्रोटीन बाहेर येऊन गोठतं ते, घाबरू नका, टिशूने पुसून टाका.

पुदिना
ओहायोकर दादा, खूप धन्यवाद, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. थर्मामीटर आजच ऑर्डर करते. आता चीज आणि लसूण यांचं बघा कोणीतरी, ते तर मेन आहे, भाच्याला कापल्यावर मधे पिवळं पिवळं चीज दिसलं पाहिजे म्हणे.

सई_डोंबिवली
चीजचं मी सांगते कारण हे मी चिकन कटलेटमध्ये शिकलेय. मोझरेला इथे नको. तो पिझ्झ्यावर ठीक, तार ओढायला. लोफच्या पोटात तो वितळून वाट फुटेल तिकडे निघून जातो. त्याऐवजी आपलं प्रोसेस्ड चीज घे, अमूलचे क्यूब. त्यात जे क्षार घातलेले असतात त्यांनी आतलं तूप आणि प्रोटीन एकमेकांना धरून राहतं, त्यामुळे ते मऊ होतं पण ओघळत नाही, तेलही सुटत नाही. नेहमी आपण नाक मुरडतो की हे मेलं वितळत नाही, इथे तोच त्याचा गुण.

किसून मिसळू नकोस. २५ ग्रॅमचा एक क्यूब असतो, असे पाच घे, प्रत्येकाचे लांबट दोन तुकडे कर आणि फ्रीझरमध्ये टाक तासभर. टिनमध्ये निम्मं मिश्रण भर, मधोमध बोटाने लांब चर पाड, कडेपासून दोन बोटं सोडून, त्यात चीजचे तुकडे एकापुढे एक ठेव, वर उरलेलं मिश्रण घालून कडा नीट दाबून बंद कर. फट राहिली तर चीज तिथूनच येणार बाहेर. म्हणजे प्रत्येक कापाच्या मधे चीजचा चौकोन येतो, मस्त दिसतो.

मिठाकडे लक्ष दे फक्त, चीज खारट, केचप खारट. पाऊण किलोला एक सपाट चमचा (छोटा) पुरे. सगळं मिसळलं की लिंबाएवढा गोळा तव्यावर चपटा करून भाज आणि चाखून बघ, मग टिन भर. कच्चं चाखायचं नाही म्हणून आपण अंदाजाने मीठ घालतो आणि मग फसतो.

भातुकली
तव्यावरच्या त्या टिकलीला +१. ती तुटली तर लोफपण तुटणार, तिथेच कळतं.

लसणाचं असं आहे की फोडणीत तो तेलात तडतडतो, म्हणून आपल्याला त्याचा खमंग वास माहीत. लोफच्या आतलं तापमान हळूहळू सत्तर-पंचाहत्तरपर्यंतच जातं, तिथे तो परतला जात नाही, नुसता उकडतो, त्यात ठेचलेला, म्हणून उग्र. कांदा आणि लसूण दोन्ही चमचाभर बटरवर मंद गॅसवर परत, कांदा पूर्ण मऊ होऊन त्याचं पाणी आटेपर्यंत, लसूण शेवटच्या दोन मिनिटांत बारीक चिरून (ठेचून नको), कडा जरा सोनेरी झाल्या की बंद. पूर्ण गार झाल्यावरच खिम्यात घाल. अख्खा गड्डा तेल लावून फॉइलमध्ये गुंडाळून ओटीजीत पाऊण तास भाजला तर आणखी भारी, पाकळ्या पिळल्या की लोण्यासारखी गोड पेस्ट बाहेर येते, ती कितीही घाल, कोणी औषध म्हणणार नाही.

आणि आलं काढून टाक. कच्च्या आल्यात मांस मऊ पाडणारं एन्झाइम असतं, टिक्क्याच्या मॅरिनेडला ते बरं, पण खिमा आधीच बारीक, त्यात ते घालून ठेवलं की गिचका होतो. तुझ्या गिचक्यात त्याचाही हात असणार.

नाना_खवय्ये
वाखू (वाचनखूण) साठवली. पण ओटीजी नसलेल्यांनी काय पाप केलंय? आमच्याकडे कुकर आणि ढोकळ्याचं पातेलं एवढीच यंत्रसामग्री.

मालवणी_मसाला
नाना, ढोकळ्याच्या पातेल्यातच होतो. मिश्रण फॉइलमध्ये सुरळीसारखं घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं पिळायची, ४० मिनिटं वाफवायचं, तापमान तेच ७४ बघायचं, मग पूर्ण गार करून जाडसर काप करायचे आणि तव्यावर बटर-लसणात दोन्ही बाजूंनी लाल करायचे. वरून भाजल्याचा खमंगपणा तव्यावर येतो. खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडतो, ओटीजीतल्यापेक्षा. केचपचा थर मात्र विसरा.

ओहायोकर
केचपवरून आठवलं, नुसतं केचप लावू नका, फारच साधं लागतं. अर्धी वाटी केचपात दोन चमचे किसलेला गूळ (इकडे ब्राउन शुगर घालतात, गूळ उत्तम), एक चमचा व्हिनेगर आणि तिखट. निम्मं सुरुवातीला, निम्मं शेवटच्या दहा मिनिटांत, तेव्हा वरचा रॉड चालू ठेवायचा म्हणजे चकाकी येते. गूळ असल्याने करपतो पटकन, तिथून हलू नका.

आणि टिनऐवजी ट्रेवर हाताने लांबट आकार देऊन ठेवला तर सुटलेलं पाणी बाजूला वाहून जातं आणि तिन्ही बाजूंनी कड भाजली जाते. पण चिकन मऊ असतं, पसरतं, पहिल्यांदा टिनच बरा.

पुदिना
टिनच घेते, पसरला तर सगळ्यांसमोर शोभा. शेवटचे दोन प्रश्न मग तुम्हाला सोडते 🙏 रविवारी सकाळी एवढं सगळं जमणार नाही, शनिवारी रात्री टिन भरून फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल का? आणि टिनला बटर पेपर लावू की फॉइल?

सई_डोंबिवली
भरलेला नको ठेवूस. मीठ घातलेला खिमा रात्रभर राहिला की चिवट, सॉसेजसारखा रबरी होतो. रात्री कांदा-लसूण परतून डब्यात, चिकन धुवून टिपून तुकडे डब्यात, चीज कापून फ्रीझरमध्ये, वरून लावायचं केचप-गुळाचं ग्लेझ वाटीत. सकाळी ब्रेड भिजव, चिकन फिरव, मिसळ, भर, पंधरा मिनिटांचं काम. मिसळताना कणीक मळल्यासारखं मळायचं नाही हं, हाताने उचलून उचलून एकत्र येईपर्यंतच.

भातुकली
पेपर लाव, पण किराण्याच्या दुकानात बटर पेपर म्हणून कधी कधी साधा पातळ कागद देतात तो चिकटतो आणि ओला होऊन फाटतो. पाकिटावर बेकिंगसाठी असं लिहिलेलं बघून घे. दोन्ही लांब बाजूंनी चार बोटं बाहेर ठेव, त्यालाच धरून अख्खा लोफ उचलून बाहेर काढता येतो, टिन उलटा करावा लागत नाही.

आणि सासूबाईंना चिकन धुताना बोलाव, म्हणजे पुढचं काही विचारणार नाहीत.