मदत हवी आहे: गणपतीला घरी आलेल्या कस्टमरशी पेमेंटचं बोलावं का?

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे. गणपतीत दोन-तीन कस्टमरना सहकुटुंब दर्शनाला आणि जेवायला बोलावतो. यंदा ज्या परचेस मॅनेजरना बोलावलंय त्यांच्याकडे आमचं पेमेंट ९० दिवस अडकलंय, आम्ही उद्यमवर (छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) रजिस्टर्ड आहोत म्हणजे एमएसएमई, म्हणजे लघु-मध्यम उद्योगांच्या, कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवं, पण ऑफिसात साहेब धड पाच मिनिटं देत नाहीत आणि घरी मोदक वाढताना पैशाचा विषय काढणं मला तरी बरं वाटत नाही, वहिनी-मुलं पण असणार. भाऊ म्हणतो निघताना गाडीपर्यंत सोडायला जा आणि तेव्हा फक्त मीटिंगची वेळ माग. तुम्ही अशा वेळी काय करता? प्लीज अनुभव सांगा, पगार थांबलेत.